टाटाच्या दारातून परतलेली माणसे

हिंदमाता मागे टाकून परळकडे आले की के.ई.एम., वाडिया आणि टाटा ही तीन इस्पितळे हाकेच्या अंतरावर लागतात. आमच्या नायगाव, भोईवाडा, लालबागच्या चाळींतून या तीन नावांचा उच्चार तीन वेगळ्या आवाजांत होतो. ‘के.ई.एम.ला नेलंय’ हे माणूस गॅलरीतून मोठ्याने सांगतो. ‘वाडियात आहे’ हे हसत सांगतो, कारण तिथे बहुधा कुणाचे तरी बाळंतपण असते. ‘टाटाला नेलंय’ हे मात्र कानाशी तोंड नेऊन सांगितले जाते. ऐकणारा ‘अरेरे’ म्हणतो आणि त्या माणसाचा हिशेब मनातल्या मनात मिटवून टाकतो.

आम्हीही एकदा असा हिशेब मिटवला होता. तो चुकला. १९९८ साली आमच्या वहिनींना स्तनाचा कॅन्सर झाला. तेव्हा त्या ४४ वर्षांच्या होत्या. आज त्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि भाजीवाल्याशी घासाघीस करण्यात त्यांचा हात अजून कोणी धरू शकत नाही. कॅन्सरने गेलेल्यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. कॅन्सर होऊन पंचवीस-पंचवीस वर्षे जगणाऱ्यांविषयी फारसे कोणी सांगत नाही. ती माणसे आपल्याच चाळीत, आपल्याच विहारात, आपल्या शेजारी बसलेली असतात. ती गप्प असतात, म्हणून आपल्याला कळत नाही. आज त्यांच्याविषयी बोलू.

दुःखातून उभे राहिलेले इस्पितळ

टाटा इस्पितळाचा जन्मच एका रुग्णाच्या आठवणीतून झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने मृत्यू झाला. पैशाला तोटा नव्हता, विलायतेतले उपचार मिळाले, तरी त्या वाचल्या नाहीत. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने परळला हे इस्पितळ उभारले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे दार उघडले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. कॅन्सरवर किरणांचा उपचार होतो, म्हणून अणुऊर्जा खात्याशी हे नाते जुळले. ज्या रस्त्यावर हे इस्पितळ आहे त्याला तिथलेच नामवंत शल्यवैद्य डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे.

याच इस्पितळात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले अस्थिमज्जा रोपण केले. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी आणि मज्जा दिली तिच्या भावाने. डॉ. अडवाणींना लहानपणी पोलिओ झाला होता. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी हजारो रुग्णांना पायावर उभे केले. ज्या आजाराला पूर्वी एकच शेवट ठाऊक होता, त्याला दुसरा शेवटही असू शकतो, हे मुंबईने आपल्या डोळ्यांनी पाहिले.

फळीवरची कपबशी

आता घरची गोष्ट. वहिनींना आंघोळ करताना मोरीत गाठ हाताला लागली. त्यांनी चार महिने कुणाला सांगितले नाही. का? तर मुलीची दहावीची परीक्षा होती. आपल्या बाया आजार अंगावर काढतात तो असाच. दुसऱ्यांच्या परीक्षा आधी, आपली शेवटी. त्यानंतर टाटाची फाइल निघाली, ऑपरेशन झाले, एक स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. मग लाल रंगाच्या औषधाची केमोथेरपी, मग किरणोपचार आणि पुढे पाच वर्षे रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी. दादा बेस्टमध्ये कंडक्टर. ड्यूटी संपली की खाकी कपड्यांतच इस्पितळात जाऊन बसायचे.

ऑपरेशननंतर वहिनी घरी आल्या. आमचे बिऱ्हाड बी.डी.डी. चाळीतले, एका खोलीचे. त्या खोलीत आठ माणसे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहतो तर भिंतीवरच्या वेगळ्या फळीवर एक कपबशी, एक ताट आणि एक तांब्या ठेवलेला. आईने ठेवला होता. कुणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही, हे इथे कबूल केले पाहिजे. शिकलेसवरलेले, सभेत बोलणारे आम्ही, त्या फळीकडे पाहून मान खाली घालत होतो.

चार दिवस वहिनींनी त्या कपातून चहा घेतला. पाचव्या दिवशी कप खाली ठेवून म्हणाल्या, “आई, महाडला चवदार तळ्यावर आपल्या घरातलं कोण गेलं होतं?”

आई म्हणाली, “तुझे आजेसासरे. का गं?”

“मग ही कपबशी कुणासाठी?”

आमचे आजोबा १९२७ साली महाडला गेले होते, ही गोष्ट आमच्या घरी दर १४ एप्रिलला अभिमानाने सांगितली जाते. ती गोष्ट त्या दिवशी आमच्याच अंगावर आली. आई थोडा वेळ तशीच बसली. मग उठली, तो कप विसळला, त्यात चहा ओतला आणि स्वतः प्यायली. फळी पुढे कुणाच्या वह्या-पुस्तकांना उपयोगी पडली.

वाचकांनी हे पक्के लक्षात ठेवावे. कॅन्सर शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने किंवा श्वासाने होत नाही. गर्भाशयमुखाच्या किंवा यकृताच्या कॅन्सरला कारण होणारे काही विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, पण तेही कपबशीतून नव्हे. आणि खुद्द कॅन्सर तर असा पसरतच नाही. ज्या समाजाने शिवाशिवीचे चटके पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्या समाजाच्या घरात रुग्णाची वेगळी फळी असावी, यासारखी शरमेची गोष्ट नाही.

तसेच ‘गेल्या जन्मीचे पाप’ हे वाक्य. वहिनींना भेटायला आलेल्या एका बाईंनी ते त्यांच्या तोंडावर म्हटले. गेल्या जन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तपासून नाकारला आहे, हे आपण वाचतो आणि आजारपण आले की विसरतो. पेशींची वाढ बेताल का होते याची कारणे आहेत. तंबाखू आहे, काही विषाणू आहेत, वय आहे, क्वचित आईवडिलांकडून आलेला दोष आहे. पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. म्हणून रुग्णाच्या माथी पाप मारण्याचा हक्क कुणाला मिळत नाही.

‘पाच वर्षे झाली, आता सुटलो’

डॉक्टर पाच वर्षांचा हिशेब सांगतात. पाच वर्षे आजार उलटला नाही तर चांगले, असे आपण ऐकतो. २००३ साली गोळी बंद झाली तेव्हा आमच्या घरी पुरणपोळी झाली. दादा म्हणाले, “सुटलो.” हळूहळू तपासणीच्या तारखा चुकू लागल्या. एकदा गावी लग्न होते, एकदा पाऊस होता, एकदा ‘काही होत नाहीये तर कशाला जायचं’ म्हणून. दोन वर्षांच्या अंतराने एकदा, मग तेही नाही.

२०१० साली एका रविवारी कोळंबी सोलताना वहिनींच्या हाताला काटा लागला. ऑपरेशन झालेल्या बाजूचाच हात. दोन दिवसांत हात लालभडक झाला, सुजून खांद्यापर्यंत आला, ताप चढला. जवळच्या एका दवाखान्यात त्याच हाताला सुई टोचून सलाइन लावले. आमच्यापैकी कुणीही त्या डॉक्टरांना बारा वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनबद्दल सांगितले नाही. आम्हीच विसरलो होतो! अखेर टाटाची जुनी फाइल ट्रंकेतून काढली आणि पुन्हा त्या दारात उभे राहिलो.

तेव्हा कळले ते असे. काखेतल्या गाठी काढल्या की हातातला लसीका नावाचा द्रव वाहून जाण्याची वाट अरुंद होते. सूज लगेच येईल असे नाही, दहा-पंधरा वर्षांनीही येते. एखादी जखम, भाजणे किंवा जंतुसंसर्ग तिला निमित्त होतो. एकदा आलेली सूज पूर्णपणे जातेच असे नाही, पण घट्ट बाही, व्यायाम आणि काळजी यांनी ती आटोक्यात राहते. वहिनी आज मासे साफ करताना रबरी हातमोजा घालतात आणि दिवसा हातावर ती घट्ट बाही चढवतात. नातवंडे तिला ‘आजीचा पट्टा’ म्हणतात.

सांगायचा मुद्दा हा, की कॅन्सर बरा होणे आणि कॅन्सरची गोष्ट संपणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. अमेरिकेत डॉ. फिट्झह्यू मुलन नावाचे डॉक्टर होते. त्यांना स्वतःला तरुणपणी कॅन्सर झाला होता. १९८५ साली त्यांनी एक लेख लिहून वाचलेल्या माणसाच्या आयुष्याचे तीन ऋतू सांगितले. पहिला उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा, जेव्हा आजार नसतो पण त्याची धास्ती असते. आणि तिसरा दीर्घकाळ जगण्याचा, जेव्हा शरीरात, नोकरीत, संसारात मागे राहिलेल्या खुणा घेऊन चालायचे असते. आपल्याकडे पहिल्या ऋतूसाठी सगळे धावतात, दुसऱ्याला काही जण असतात आणि तिसऱ्याला माणूस एकटाच असतो.

लालबागचे स्नेही

लालबागला आमचे एक गिरणी कामगार स्नेही आहेत. गिरणीत कापसामुळे आगीची भीती, म्हणून विडीला बंदी. मग तंबाखूची पुडी खिशात. १९८२ च्या संपात नोकरी गेली, पुडी राहिली. पुढे गालाच्या आत न भरणारी जखम झाली आणि जबड्याचा काही भाग काढावा लागला. त्याला आता अठरा वर्षे होऊन गेली. ते हसतात तेव्हा तोंड एका बाजूला जाते, तरी हसणे सोडलेले नाही.

त्यांच्या खुणा वेगळ्या. तोंड पुरते उघडत नाही, म्हणून रोज सकाळी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि तोंड उघडण्याचा व्यायाम करायचा. किरणोपचारांनी लाळ आटली, म्हणून पाण्याची बाटली सतत जवळ आणि भाकरी आमटीत कुस्करून. लाळ कमी झाली की दात लवकर किडतात, पण किरण दिलेल्या जबड्यातला दात परस्पर उपटायचा नसतो, हाडाची जखम चिघळते. दाताच्या डॉक्टरांना आधी सांगावे लागते. मानेवर किरण दिले असतील तर थायरॉइडही मंदावते, त्याची रक्ततपासणी होत राहावी लागते.

श्री. शरद पवार यांना २००४ साली तोंडाचा कॅन्सर झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. तंबाखू-गुटख्याने काय केले हे त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. त्यानंतर किती वर्षे ते सार्वजनिक जीवनात वावरले, हेही महाराष्ट्राने पाहिले. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. पुड्या मात्र गल्लीत अजून मिळतात आणि आपल्या बायांची मिश्रीही सुटलेली नाही. आमचे स्नेही नाक्यावरच्या पोरांना व्याख्यान देत नाहीत. ते फक्त त्यांच्यासमोर तोंड उघडून दाखवतात. दोन बोटेही आत जात नाहीत.

लहानपणी बरी झालेली मुले

सर्वांत लांबचा प्रवास मुलांचा असतो. पाचव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरमधून वाचलेल्या मुलाला पुढे साठ-सत्तर वर्षे जगायचे असते. हे ओळखून टाटामध्ये १९९१ साली बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळे तपासणी केंद्र सुरू झाले. डॉ. पूर्णा कुरकुरे यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. उपचार संपलेली मुले तिथे वर्षानुवर्षे येत राहतात. उंची वाढते आहे का, हृदय नीट चालते आहे का, कानाने ऐकू येते का, शाळेत लक्ष लागते का, पुढे मूल होण्यास अडचण आहे का, हे पाहिले जाते. जी औषधे प्राण वाचवतात, त्यातली काही हृदयावर किंवा कानावर उशिरा परिणाम करतात. लवकर कळले तर बऱ्याच गोष्टींवर इलाज असतो.

डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ साली स्थापन केलेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ पासून ‘उगम’ हा अशा बऱ्या झालेल्या मुलामुलींचा स्वतःचा गट चालतो. आज वॉर्डात असलेल्या मुलाच्या आईसमोर एखादा धट्टाकट्टा तरुण उभा राहून ‘मीही याच खाटेवर होतो’ म्हणतो, तेव्हा दहा डॉक्टरांनी दिलेल्या धीराहून तो धीर मोठा असतो. परळच्याच व्ही केअर संस्थेची सुरुवातही १९९४ साली स्वतः कॅन्सरमधून गेलेल्या वंदना गुप्ता यांनी केली.

लग्नाच्या बैठकीत

आमच्या पुतणीचे लग्न ठरवताना हा प्रश्न दारात आला. एका स्थळाकडून होकार आला होता. नातेवाईक म्हणाले, आईच्या आजाराचे कशाला काढता? वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, लपवून दिलेली मुलगी जन्मभर भीत राहील.” त्यांनी बैठकीतच सांगितले. ते स्थळ मोडले. चार दिवस घरात कुणी नीट जेवले नाही. वहिनी मात्र जेवल्या. वर्षभराने दुसरे स्थळ आले, त्यांनाही पहिल्याच भेटीत सांगितले. मुलाची आई म्हणाली, “आमच्याकडे सासऱ्यांना होता.” चहा थंड होईपर्यंत दोघी टाटाच्या गोष्टी बोलत बसल्या. ते लग्न विहारात झाले.

नोकरी आणि विम्याचेही असेच. आमच्या स्नेह्यांना बरे झाल्यावर वॉचमनची नोकरी मिळाली आणि चेहरा पाहून आठ दिवसांत गेली. वहिनींनी विम्याचा फॉर्म भरला, तो एका कंपनीने आजाराचे नाव वाचून परत केला. बरे झालेल्या माणसाला काम देणे ही दया नव्हे. तो काम करू शकतो का, एवढेच पाहायचे असते.

काही उपयोगाच्या गोष्टी

अनुभवातून आणि डॉक्टरांकडून शिकलेल्या या गोष्टी वाचकांनी कात्रण काढून ठेवाव्यात.

१. फाइल जन्मभर जपा. कोणते ऑपरेशन झाले, कोणती औषधे आणि किती किरण दिले, याचा एक कागद करून रुग्णाच्या पाकिटात आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवा. सर्दी-तापाच्या डॉक्टरांनाही तो दाखवा.

२. पाच वर्षांनंतरही तपासणी सोडू नका. स्तनाचा कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकतो. नवी गाठ, न भरणारी जखम, बरा न होणारा खोकला, हाडांतले टिकून राहणारे दुखणे किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जाणे, यांपैकी काहीही असले तर तारखेची वाट पाहू नका.

३. लाल औषधाची केमोथेरपी झाली असेल आणि पुढे कधी दम लागू लागला, पाय सुजले, तर हृदयाची तपासणी करून घ्या.

४. घरातल्या लेकीबहिणींनी स्वतःची तपासणी करावी. टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायांवर अभ्यास केला. साध्या शिक्षणाच्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारख्या द्रवाने गर्भाशयमुख तपासले. २०१३ साली निष्कर्ष आला, की त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एवढी स्वस्त तपासणी आणि एवढा मोठा फायदा!

५. पैशासाठी तपासणी थांबवू नका. इस्पितळातल्या समाजसेवकांना भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. रेल्वेत उपचार व तपासणीच्या प्रवासाला सवलत आहे आणि लोकलच्या अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला बसता येते. बाहेरगावच्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती देणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाने परळच्या रुग्णांना निवारा मिळावा, हे योग्यच झाले.

६. मनाचे दुखणेही सांगा. तपासणीच्या आदल्या रात्री वहिनींना आजही झोप लागत नाही. वीस-पंचवीस वर्षांनीही ही भीती येते, त्यात कमकुवतपणा नाही. त्या रात्री घरातल्या एकाने त्यांच्याजवळ बसावे, एवढे पुरते.

सेवा करणाऱ्यांसाठीही दोन शब्द. अतिसाराने लोळागोळा होऊन पडलेल्या, कुणी विचारत नसलेल्या एका भिक्खूला खुद्द तथागतांनी आनंदाच्या मदतीने आंघोळ घातली, ही कथा आपल्या मुलांना ठाऊक आहे. आमचे दादा धम्मावर कधी भाषण देत नसत. खाकी गणवेशात टाटाच्या बाकावर बसून त्यांनी वर्षभर भात-आमटीचा डबा सांभाळला. २०१६ साली दादा हृदयविकाराने गेले. ज्यांचा हिशेब आम्ही सर्वांनी मिटवला होता, त्या वहिनी मागे राहिल्या आणि घर त्यांनी धरले.

गेल्या ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आमच्या मंडळाच्या पाणीवाटपाच्या टेबलाशी वहिनी उभ्या होत्या. सुजऱ्या हाताला बाही, दुसऱ्या हाताने पेले पुढे करत होत्या. खेड्यातून आलेल्या एका बाईने बाहीकडे बोट दाखवून विचारले, “काय झालंय, आजी?” वहिनींनी कानाशी तोंड नेले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “कॅन्सर झाला होता, बाई. ९८ साली. तुला काही गाठबीठ आहे का? असली तर सांग, टाटा इथून जवळच आहे.”

ती बाई क्षणभर थांबली, मग रांगेतून बाजूला झाली आणि वहिनींच्या जवळ येऊन उभी राहिली.